काळा पडलेला राणीछाप

आईमागे तिचे दोन राणीछाप चांदीचे रुपये आम्हा भावंडांना एकेक आले. माझा अमरावतीला माझ्या कपाटात, भावाचा अकोल्याला वहिनीच्या ताब्यात. नातीच्या, म्हणजे भावाच्या मुलीच्या, लग्नात दोन्ही तिच्या ओटीत घालायचे, असं आई सांगून गेली होती.

लग्नाआधी अकोल्याला गेले, तेव्हा वहिनीने स्वयंपाकघरातून रुपया आणून माझ्या हातावर ठेवला. राणीचं तोंड काळंनिळं, कडेला जांभळी झाक. माझ्या मनात पाल चुकचुकली. माझा रुपया तर लखलखीत होता. त्यात वहिनीच्या बोटात नवी अंगठी.

"काहून काळा पडला हा?"

"मले का माईत, ताई. ठेवल्या जागी पडला," म्हणत ती भाकरी उलटायला गेली. तिचा तो थंडपणा पाहून माझी खात्रीच पटली की खरा रुपया मोडला आणि हा खोटा आणून ठेवला. पॉलिश करून आणते, असं सांगून मी तो पर्समध्ये टाकला. परतताना मूर्तिजापूरपर्यंत बसमध्ये हिंगाचा वास येत होता. शेजारणीच्या डब्याचा असणार म्हणून मी तिच्याकडे दोनदा डोळे वटारून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही रुपये घेऊन चांदीकाम करणाऱ्या म्हाताऱ्या चाचांकडे गेले. त्यांनी काळा रुपया दगडावर टाकला. खणखणीत वाजला. मग त्यांनी तो नाकाशी नेला.

"अस्सल हाय, बाई. हिंगाच्या डबीत ठेवला होता का? हिंगानं चांदी काळी पडते."

आईची हिंगाची डबी. चोर तिथे हात घालत नाही म्हणून तीच त्यात एक रुपया ठेवायची. वहिनीने तो तिथून हलवलाच नव्हता.

चाचांनी मग माझा रुपया टाकला. तो थडकन पडला, वाजलाच नाही. कसोटीवर घासून त्यांनी मान हलवली.

"हे चांदी नोय. कोणाले देला होता का?"

दिला होता. मागच्या वर्षी दारावर दोन पॉलिशवाले आले होते. मावशी मावशी करत बोलले, पाणी मागितलं. मी पाणी आणायला आत गेले होते. सख्ख्या वहिनीवर संशय घेणारी मी, त्या दोघांना खुर्च्या दिल्या होत्या. स्वतःचीच इतकी चीड आली की चाचांसमोर बसवेना.

घरी पोचते तोच वहिनीचा फोन आला.

"ताई, आमच्यानं आईचा रुपया नीट ठेवनं झालं नाई. पॉलिशनं निघाला नाई त लोकाईसमोर काळा बरा नाई दिसत. पोरीच्या ओटीत तुमचाच टाकू. तुमी कसा जपला."

"नाही, काळाच टाकू," मी म्हणाले.

"काहून?" तिने विचारलं, आणि मी पॉलिशवाल्यांना दिलेल्या त्या खुर्च्यांपासून सांगायला सुरुवात केली.