चिलापीचा काटा आन् माझा उजवा हात

"सेल्युलायटिस," दौंडच्या डॉक्टरांनी माझा हात उजेडाकडं धरून सांगितलं, आन् मी घाबरून सासूबाईंचा पदर धरला. मला वाटलं कॅन्सरसारखं कायतरी असल. मग त्यांनीच उलगडून सांगितलं. "म्हणजे कातडीखाली जंतू पसरलेत. तळव्यात पूही झालाय. आज आलात ते बरं झालं. आणखी दोन दिवस काढले असते तर हात वाचवणं अवघड होतं."

उजवा हात. माझी पोर तवा सहा महिन्यांची. तिला न्हाऊ कशी घालू, भाकरी कशी थापू, एवढंच डोक्यात फिरायला लागलं.

झालं काय, तर उन्हाळ्यात भीमेचं पाणी आटतं, कडंला डबकी राहत्यात, आन् त्यात चिलापी मासा कोंडून बसतो. आमच्याकडं बाया जुन्या लुगड्याचा झोळ करून तो धरत्यात. दुपारी पाणी कसं, चुलीवर ठेवल्यागत कोमट. मी आन् माझी नणंद उतरलो. एक चिलापी मुठीत धरली तशी तिनं पाठीवरचं काटं फुलवलं आन् माझ्या अंगठ्याच्या बुडाशी एक खचकन घुसला. रगत आलं. मी त्याच पाण्यात हात खळबळला, घरी येऊन वर दात घासायची मशेरी दाबली, चिंधी गच्च बांधली. आमच्यात कापलं-खुपलं की मशेरीच. त्या रोजचं कालवण लई झ्याक झालं व्हतं, ते बी सांगते.

दुसऱ्या दिशी हात फुगला, हुडहुडी भरली. नणंद म्हणाली, "वैनी, कामाला दांडी मारायला मासा बरा गावला तुला." तिसऱ्या दिशी लाली कोपराकडं चढली तवा मात्र तीच रडायला लागली. सासूबाईंनी मला टमटममधी घातलं, पोर काखंला मारली आन् दौंड गाठलं.

डॉक्टरांनी चिंधी सोडली. "हे काळं काय भरलंय?"

"मशेरी," मी म्हणलं.

"हाताला दात आलेत का तुमच्या?"

सिस्टर हसल्या, पण लगीच त्यांचं लक्ष बांगड्यांकडं गेलं. मनगट सुजून काच मांसात रुतली व्हती, बोटं निळी पडायला लागलेली. म्हणाल्या, "ह्या फोडाव्या लागतील. रक्त पुढं जात नाहीये."

मी हात मागं वढला. जित्त्या नवऱ्याच्या बांगड्या कशा फोडायच्या? मालक तर तिकडं शिरूरला कंपनीत ड्युटीवर. म्हणलं, "त्येंना इचारल्याबिगर न्हाई." डॉक्टर घड्याळ बघायला लागलं. मला वाटलं सासूबाई बी नकोच म्हणत्याल. एक बांगडी पिचली तरी 'फुटली' म्हणू नको, 'वाढवली' म्हण, असं मला शिकवणारी ती बाई. तर त्यांनी पोर सिस्टरच्या हातात दिली आन् माझा हात आपल्या मांडीवर घेतला.

"आत्या, त्येंला काय झालं तर?"

"त्येला मी जल्माला घातलाय. त्येचं आयुष्य काचंला बांधलेलं आसतं, तर मी तुला लोखंडाच्याच भरल्या आसत्या. गप बस."

आन् पहिली त्यांनीच वाढवली.

मग ड्रेनेज केलं, म्हंजी चीर देऊन पू काढला. त्यातला थोडा कल्चर टेस्टला पाठवला, म्हंजी जंतू कंचा ते बघायला. सलाईनमधनं अँटिबायोटिक, म्हंजी जंतू मारायचं औषध. पाच रोज हात उंच टांगून पडून. दुसऱ्या रोजी निरोप मिळाला तसं मालक कंपनीच्या कपड्यातच पळत आलं. माझं मोकळं मनगट बघून आपल्याच छातीवर हात ठिवून म्हणालं, "मी हाय नव्हं अजून?" शेजारच्या खाटंवरची म्हातारी पोटाचं टाकं धरून हसली.

बायांनो, डॉक्टरांनी सांगितलं तेच सांगते. हाताला-पायाला जखम आसंल तर कोमट, साठल्या पाण्यात उतरू नका. समुद्राच्या कोमट पाण्यात तर ह्याहून वंगाळ जंतू आसत्यात, एका दिसात पसरत्यात. मासा जाड फडक्यानं धरा. काटा घुसला तर चांगल्या पाण्यानं, साबणानं धुवा. मशेरी न्हाई, हळद न्हाई, गच्च चिंधी न्हाई. सूज दिसायच्या आधी बांगड्या-अंगठ्या काढा. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. लाली पसरली, ताप आला, तर त्याच दिशी दवाखाना.

घरी आले तवा मूठ मिटत नव्हती. डॉक्टरांनी पिठाचा गोळा दाबत बसायला सांगितलेलं. महिनाभर दाबला. मग एक दिस परातीत पीठ घेतलं आन् भाकरी थापली. एका अंगाला जाड, एका अंगाला पातळ, मधी भोक.

सासूबाईंनी ती तव्यावरनं उचलून आपल्याच ताटात घेतली. मालक म्हणालं, "आये, ही कसली भाकर?"

"तुला नको आसंल तर दुसरी मागू नको," त्या म्हणाल्या, आन् मला म्हणाल्या, "थाप गं."