रत्नम्माची फटीची पट्टी

रत्नम्माला अक्षरओळख नाही, आणि मागानं काय विणायचं ते मागाला सांगायचं काम तीच करते. थट्टा नाही करत मी. डोळ्यांनी बघितलंय.

चादरीचं चित्र आधी चौकटीच्या कागदावर रंगवतात. एका ओळीला पुठ्ठ्याचं एक कार्ड, भरलेल्या चौकटीला एक भोक. भोक असेल तिथला धागा मागावर उचलला जातो. कॉम्प्युटरलाही म्हणे अशीच भोकाची कार्डं चारतात. त्या कॉम्प्युटरवाल्यांनी एकदा आमच्या साखर पेठेतल्या कारखान्यात यावं. रत्नम्मा हातोडीनं दिवसाला शंभर कार्डं पाडायची. चित्रावर एक लाकडी पट्टी, पट्टीला लांबट फट. फटीतून एकच ओळ दिसायची, बाकी सगळं झाकलेलं. कार्ड झालं की पट्टी एक घर खाली.

चौऱ्याहत्तर साली कारखान्याचे मालक ईरप्पा यांनी बोटांनी दाबायचं यंत्र आणलं, आणि ते चालवायला माळशिरसचा जोतीराम. दिवसाला चारशे कार्डं! ईरप्पा म्हणाले, "मोराची चादर नीट उतरू दे. मग रत्नम्मा, तू घरी."

माझं डोकं सटकलं. मी कामगार युनियनचा माणूस. शाळा चौथीत सुटली, पण पत्रकं मीच लिहितो. 'यंत्र हटवा' म्हणून बसल्या जागी लिहून काढलं.

चादर मागावरून उतरली, तर मोराची मान एकीकडं, धड एकीकडं.

"चित्राच्या ओळी चारशे, कार्डं बी मोजून चारशे हायती, मालक!" जोतीराम रडकुंडीला आला.

मी रत्नम्माच्या कानाशी लागलो. "गप बस. बुडू दे त्यास्नी."

"मोरानं काय केलंय तुमचं, अण्णा?" म्हणत ती उठलीच.

डोळे पट्टीच्या फटीत, बोटं कार्डाच्या भोकांवरनं फिरतायत. कार्डाकडं बघत पण नव्हती बया! अर्ध्या तासात चूक धरली. कागदावर दर दहा ओळींना जाड रेघ असते. जोतीरामची नजर एका जाड रेघेवरून मागच्या रेघेवर गेली होती. दहा ओळी दोनदा पाडल्या, मग कार्डांच्या आकड्यावरनं पुढची ओळ धरली, म्हणून मधल्या दहा गायब. मोजणी बरोबर, मोर मेला.

"हात पळाला, डोळा मागं ऱ्हायला की रे तुजा," ती म्हणाली. "सरक. मी बसते."

पट्टी तिनं यंत्रासमोर बांधली. पहिल्या दिवशी साठ कार्डं, चौथ्या दिवशी तीनशे नव्वद. एक चूक नाही. जोतीरामनं तशीच पट्टी करून घेतली. ईरप्पांनी यंत्राजवळ तिच्या उंचीचं स्टूल आणवलं आणि घरी जायचं नाव पुन्हा निघालं नाही.

मी पत्रक फाडलं, नवं लिहिलं: यंत्र येऊ द्या, पण त्यावर आधी जुन्या माणसाला बसवा. छापून आल्यावर ऐटीत तिला दाखवायला नेलं. तिनं माझ्या हातचा कागदही मागितला. दोन्हींवर पट्टी फिरवली. मग थांबली.

"हितं कायतरी गळालंय."

मी भडकलो. "तुला वाचता येतंय व्हय?"

"न्हाय. पर ही नक्षी तुमच्या कागदावर हाय, त्यांच्यात न्हाय."

वाचलं. 'पण त्यावर आधी जुन्या माणसाला बसवा' हीच ओळ छापखान्यानं खाल्ली होती. उरलं होतं नुसतं 'यंत्र येऊ द्या'.

हसली नाही ती. दुसऱ्या दिवशी एक नवी पट्टी हातात ठेवली. फट माझ्या अक्षराच्या मापाची होती.