बोथ्याच्या घाटातले वकीलसाहेब

बोथ्याचा घाट मी सायकलने कधीच चढलो नव्हतो, आणि तरी मामाच्या वकिलाला तो घाट चढवून आणायला मीच वाटाड्या म्हणून गेलो.

उतरलो मात्र दहा-बारा वेळा होतो. बुलढाण्याच्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही. आमचं गाव पठारावर. बोथ्याने खामगावला निघा नाहीतर राजूरने मलकापूरला, घाट आधी उताराचाच लागतो. पायडल मारायचं काम नाही, टोपी खिशात, वारा कानात. खाली पोचलं की चहा प्यायचा, सायकल बसच्या टपावर चढवायची आणि खिडकीशी बसून वर यायचं. मी तेव्हा शाळेत नवा मास्तर होतो. ‘काल राजूरचा घाट केला’ असं मी शिक्षकांच्या खोलीत सहज म्हणायचो, आणि कोणीकडून केला हे कोणी विचारत नसे. तेही सगळे तसेच करत.

मामाची शेती देऊळघाटला. वावरातून सडकेवर येणारी बंडीवाट, म्हणजे बैलगाडीची वाट, शेजाऱ्याच्या हद्दीतून जायची. त्या साली ऐन वेचणीच्या तोंडावर शेजाऱ्याने तिच्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या. पऱ्हाटी फुटलेली, वावर पांढरं झालेलं, आणि कापूस बाहेर काढायला वाट नाही. मामाने दावा लावला. दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागो, निदान वेचणीपुरती वाट उघडावी, एवढा हुकूम सोमवारी अकरा वाजता बुलढाण्याच्या कोर्टात मागायचा होता.

वकील म्हणजे मामाच्या शाळेतले दोस्त, नागपुरात नाव काढलेले. मैत्रीखातर ते स्वतः आले, आणि आले ते शुक्रवारीच. सोबत तीन गिअरची विलायती सायकल. युरोपातले लोक सुट्टीत सायकलीवरून मोठमोठ्या खिंडी ओलांडतात, बरोबर वळण न् वळण माहीत असलेला वाटाड्या असतो, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं.

“आपल्याकडे घाट काय कमी आहेत?” ते मामाच्या ओसरीवर म्हणाले. “वाटाड्या नाही, एवढंच.”

“मी आहे ना,” मी म्हणालो. कोणी विचारलं नव्हतं.

मामाने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. “तुले येते ना बे रस्ता?”

“डोळे झाकून, मामा.”

“उघडेच ठेव. सोमवारी मले हा माणूस कोर्टात पाह्यजे.”

शनिवार फार छान गेला. राजूरचा घाट उताराचा, म्हणजे माझा. प्रत्येक वळणाआधी मी हात वर करून इशारा देत होतो, ‘आता उजवीकडून, साहेब, इथे खडी आहे.’ ज्या टेकड्यांना नावं नव्हती त्यांना मी दिली. वकीलसाहेब पोरासारखे खुश. मोताळा, नांदुरा, मग शेगाव. रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, आणि मी पुढे. मुक्काम शेगावला, देवळाजवळच्या धर्मशाळेत.

रविवारी दर्शन झालं, प्रसादाला पोटभर जेवलो. वकीलसाहेबांनी विचारलं, “बोथ्याचा घाट चढायला किती वेळ धरायचा?”

बसला पाऊण तास लागतो हे मला ठाऊक होतं. सायकल म्हणून मी त्याची दुप्पट केली. “दीड तास. फार तर.”

“मग घाई नाही,” असं म्हणून ते आडवे झाले. मीही झालो. उन्हं उतरल्यावर उठलो, खामगावात भजी खाल्ली, आणि घाटाच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा सूर्य डोंगराआड गेलेला. नाक्यावर जंगलखात्याचा गार्ड कंदील पुसत बसला होता.

“आता वर नाही जाता येत,” तो म्हणाला. “अस्वल राह्यते.”

“आम्ही सायकलवर आहोत,” मी म्हणालो.

“मंग त्याले काय फरक पडते?”

वकीलसाहेब हसले. पहाटे निघू, दीड तासाचा तर प्रश्न आहे, वाटेत वेळच वेळ, असं तेच म्हणाले. गार्डच्या पडवीत ते शांत झोपले. मी झोपलो नाही, एवढंच सांगतो.

सोमवारी फटफटायच्या आधी निघालो. पहिल्या वळणाला मी बसून पायडल मारलं, दुसऱ्याला उभं राहून, तिसऱ्याच्या आधीच खाली उतरलो. उतरताना जो रस्ता मला एका दमात संपतो असं वाटायचं, तो वरच्या दिशेने कोणी तरी दर वळणामागे नवा आणून ठेवत होतं. वकीलसाहेब विलायती गिअरवर माझ्या पुढे गेले. मला हायसं वाटलं. एकच रस्ता, चुकायचं कारण नाही. माणूस कोर्टात पोचला की झालं.

आठ-दहा वळणांनंतर ते मला कठड्यावर बसलेले दिसले. उजवा पाय सरळ पुढे केलेला, दोन्ही हातांनी पोटरी धरलेली.

“गोळा आला,” ते म्हणाले. “किती राहिला घाट?”

“थोडाच.”

“थोडाच म्हणजे?”

मी वर पाहिलं. मला खरंच माहीत नव्हतं. मग त्यांनी पोटरी चोळत चोळत, आवाज न चढवता, माझी उलटतपासणी सुरू केली.

“हा घाट तू किती वेळा केला?”

“दहा-बारा वेळा.”

“सायकलवर?”

“सायकलवरच.”

“चढून किती वेळा?”

मी चेन बघितल्यासारखं केलं.

“साक्षीदाराने सायकलीकडे पाहू नये. चढून किती?”

“एकदाही नाही.”

“मग वर कसा येत होतास?”

“बसने.”

त्यांनी मनगट वळवून पाहिलं. घड्याळात आठ वाजून गेले होते. “तो तिथं पायरीवर कागद घेऊन बसला असेल,” ते म्हणाले. ते मामाबद्दल बोलत होते.

तेवढ्यात खालून बसचा घरघराट आला. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात हलवले. बस गच्च भरलेली, दारातही माणसं. ड्रायव्हरने हॉर्न दाबला आणि वेग कमी न करता मला कडेला घालवलं. कंडक्टरने डोकं बाहेर काढलं. “चढावर थांबत नाही भाऊ, मंग गाडी उचलत नाही. वर या.” ज्या खिडकीशी बसून मी घाट ‘करायचो’ त्या खिडकीतल्या म्हातारीने माझ्याकडे पाहून हात जोडले. तिला बहुधा मी काही नवस फेडत असल्यासारखा वाटलो.

मी धावलो. वीस-पंचवीस पावलं धावलो असेन. बस वळणाआड गेली.

नंतर एक रिकामी बंडी आली. खामगावच्या बाजारात कापूस टाकून एक म्हातारा शेतकरी परत चालला होता. त्याने वकीलसाहेबांना वर घेतलं, विलायती सायकल आडवी टाकली, आणि माझ्याकडे पाहिलं. “तू चाल. बैलायले चढ आहे.”

मी माझी सायकल ढकलत मागे चाललो.

“कोठी जायचं आहे?” त्याने विचारलं.

“कोर्टात. अकराला. याच्या मामाची केस आहे,” वकीलसाहेब म्हणाले.

म्हाताऱ्याने सूर्याकडे पाहिलं, मग बैलांकडे. “आजच्या अकराले?”

“हो.”

“जमत नाही.”

“बैल जरा हाकता आले तर,” मी मागून म्हणालो.

“तुह्या मामाची केस आहे म्हून माहे बैल मारू काय? रात्रभर चालले ते.” तो वकीलसाहेबांकडे वळला. “हा कोण लागते तुमचा?”

“वाटाड्या.”

म्हाताऱ्याने त्यावर नुसती तंबाखू मळली. शहाणा माणूस होता.

घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा अकराला दहा मिनिटं होती. वकीलसाहेबांचा पाय मोकळा झाला होता. बंडीतून उतरून त्यांनी सायकल घेतली, काळा कोट पिशवीतून काढून तिथेच अंगात घातला, आणि निघाले. मी मागून जमेल तसा. पुढचा रस्ता मोठा होता आणि आता तो मला नीट माहीत होता, पण त्याचा काही उपयोग नव्हता.

आम्ही कोर्टात पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता. मामा पायरीवरच बसला होता, कागदांची गुंडाळी मांडीवर. पुकारा तीनदा झाला होता. मामाने स्वतः उभं राहून सांगितलं होतं की माझा वकील घाटात आहे. न्यायाधीशांनी दावा काढून टाकला नाही, तेवढी दया केली. तारीख मात्र दिली, संक्रांतीनंतरची. वकीलसाहेब कोटासकट आत गेले, लवकरची तारीख मागून पाहिली, आणि तसेच बाहेर आले.

“चूक माझी,” ते मामाला म्हणाले. “मी दुपारी झोपलो.”

“नाही,” मामा म्हणाला, आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

संक्रांतीनंतर वावरात वेचायला काय राहणार? म्हणून बंडी सडकेवर उभी करून कापूस धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधावरून, डोक्यावर वाहून काढायचं ठरलं. मजूर बाया वेचत, आणि गाठोडी वाहायला शाळा सुटल्यावर मी. धुरा वीतभर रुंद, एका बाजूला काट्या. गाठोडं हलकं दिसतं, पण मानेत बसतं. पहिल्या दिवशी तिसऱ्या खेपेला मी मामीला सांगू लागलो की खरं म्हणजे त्या बसच्या ड्रायव्हरने नुसता ब्रेक लावला असता, तर. मामी बंडीत कापूस दाबत होती. तिने माझं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. पुढचं गाठोडं उचलून माझ्या डोक्यावर ठेवलं आणि म्हणाली,

“तुह्या डोक्शावर वझं असलेलंच बरं. तेवढा वेळ तरी तोंड बंद राह्यते.”