तिच्या वाटची प्रार्थना

दवाखान्याच्या लाँड्रीत ती चादरींना इस्त्री करायची. सगळे तिला मावशी म्हणत. तोंडाने फटकळ, पण कामाला वाघ. वाफेच्या मशीनपाशी दिवसभर घाम गाळत ओठांतल्या ओठांत येशूशी बोलत राहायची. मुकादमाच्या कागाळ्यासुद्धा त्याच्याकडेच.

एकुलता एक मुलगा रंगारी होता. इमारत रंगवताना परांचीवरून पडला. जीव वाचला, पण हातपाय हलेनात, आईला ओळखेना. त्याच दवाखान्यात त्याच्या उशाशी तिने गुडघे टेकले. "प्रभू, उठव त्याला. दुसरं काही मागत नाही." उपास केले, चर्चच्या मंडळीतल्या बायका प्रार्थनेला आणल्या. पडून पडून पोराच्या पाठीला जखमा झाल्या. तिने कडक इस्त्री केलेली चादर त्याच्या अंगाखाली जायची आणि पू-रक्ताने माखून तिच्याच खात्यात परत यायची. हिवाळा सरता सरता तो गेला.

नवऱ्याने चर्चचं नाव टाकलं. "इतके महिने कोणाशी बोलत होतीस? भिंतीशी?"

हाच प्रश्न तीही गिळून बसली होती. गुडघे टेकले तरी तोंड उघडेना. चर्चचे पाळक भेटायला आले, म्हणाले, "देवाच्या मनात काही चांगलंच असेल." तिने त्यांच्या पुढ्यातला चहा उचलून मोरीत ओतला. पाळक बिचारे चपला शोधू लागले.

मग थोरली नणंद आली. दोघींचं कधीच पटलं नव्हतं. येऊन पलंगाच्या कडेला बसली.

"प्रार्थना करतेस का?"

"नाही. करणारही नाही."

"बरं. तुझ्या वाटची मी करते."

"मला नकोय."

"मग कान झाक." नणंदेने डोळे मिटले. "प्रभू, हिला झोप लागू दे. माझ्या भावाचं डोकं शांत कर. आमेन." उठली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मग रोजच. कधी आवाज बसलेला, कधी स्वतःच वैतागलेली. मावशी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. एका संध्याकाळी नणंद म्हणाली, "प्रभू, हिचा तुझ्यावर भरवसा आहे..."

"खोटं बोलू नकोस, ताई!" मावशी ताडकन उठून बसली. "राग आहे मला त्याचा. माझ्या लेकराची पाठ सडत होती आणि तू बघत बसलास! एक बोट तरी हलवायचंस!"

ते 'तू' नणंदेला नव्हतं. नणंदेने डोळे उघडले नाहीत, फक्त तिचा हात घट्ट धरला. मावशी घसा बसेपर्यंत देवाशी भांडली.

त्यानंतर सगळं ठीक झालं असं नाही. ती कामावर परतली. घरात प्रार्थना सुरू झाली की नवरा उठून बाहेर जातो. कधी तिला शब्द सापडतात, बहुतेकदा भांडणच, कधी तेही नाही. अशा वेळी ती फोन लावते. "ताई, आज तूच बोल." आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकते. आमेन म्हणतेच असं नाही.