काचेवरचं बोट

घरत साहेब कुणावर ओरडत नसत. "बोट लाव," एवढंच म्हणत. त्यांच्या टेबलावरच्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दोन लाटा दिसत. वरची रुबिडियमच्या प्रमाण यंत्राची, खालची आपण बनवलेल्या यंत्राची. खालच्या लाटेच्या माथ्यावर, काचेवर तर्जनी टेकवायची आणि उभं राहायचं. यंत्र बरोबर असेल तर लाट बोटाखालीच थांबते. नसेल तर हळूहळू बोटाखालून निघून जाते. मग साहेब हुकूम देईपर्यंत बोट काढायचं नाही. एका सहकाऱ्याला मी जेवणाची सगळी सुट्टी तसा उभा पाहिला आहे. साहेब त्याच्यासमोर बसून बोंबलाचं कालवण आणि भाकरी खात होते.

आमची प्रयोगशाळा थळच्या अलीकडे, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात होती. जाड भिंतींमुळे आतलं तापमान फारसं बदलत नसे, आणि आमच्या धंद्यात तापमान बदललं की सगळंच बिघडतं. आम्ही अचूक वारंवारतेची यंत्रं बनवायचो. मी सहा महिन्यांच्या उमेदवारीवर लागलो तेव्हा मुलाखतीत साहेबांनी एकच प्रश्न विचारला. "दहाला तीननं भाग."

"तीन पॉइंट तेहतीस."

"आणि उरलं ते कुठं गेलं?"

त्यांनी माझ्या अर्जाकडे पाहिलं. वडिलांच्या व्यवसायासमोर मी 'मिठागर कामगार' लिहिलं होतं. साहेबही आमच्याच आगरी समाजातले, त्यांचे वडीलही मिठागरातच राबलेले. मला वाटलं, आता ते आपुलकीनं बोलतील. ते म्हणाले, "बापूस मीठ ओढतो आन पोरगा उरलेलं फेकून देतो. ये सोमवारपासून, पदवीधर." त्यानंतर त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही.

मला मिळालेलं पहिलं स्वतंत्र काम डीडीएसचं होतं. आमच्या यंत्राला ठोके देणारं स्फटिक जुनं होत जातं तसे त्याचे ठोके किंचित मागंपुढं होतात. ते पेचकस फिरवून सावरण्याऐवजी आकड्यानं सावरता यावं, म्हणून ही पद्धत. चिपच्या आत एक बेरजेचं खातं असतं. स्फटिकाच्या प्रत्येक ठोक्याला त्यात एक ठरलेला आकडा मिळवला जातो. खातं भरलं की एक लाट पूर्ण, पुन्हा सुरुवातीपासून. आकडा मोठा तर खातं लवकर भरतं, लाटा जास्त निघतात. आकडा मात्र पूर्णांकच लागतो. माझा हिशेब बेचाळीस कोटी चौऱ्याण्णव लाख शहाण्णव हजार सातशे एकोणतीस पूर्णांक सहा दशांश असा आला. मी सहा दशांशाचा एक केला आणि शेवटी तीस लिहिलं. एवढ्या मोठ्या आकड्यात चार दशांश काय जाणवणार? माझ्या मोजणी यंत्रावर दशांशानंतर सगळी शून्यंच दिसत होती. रुबिडियम साहेबांच्या टेबलावर होतं आणि तिथं परवानगीशिवाय जायचं नव्हतं.

हिशेबाचा कागद मी त्याच दिवशी त्यांना दाखवला होता. त्यांनी तो पूर्ण वाचला, पालथा ठेवला आणि विचारलं, "तुझा बापूस कधी आलाय काय इकडं?"

"नाही साहेब."

"बोलाव. गिऱ्हाईक येणार हाय पंधरा दिवसांनी, तेव्हाच तुला कायम करायचं का ते ठरंल. त्यालाबी बघू दे."

ते पंधरा दिवस मी त्यांना देवमाणूस समजत होतो.

बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले. सोबत साहेबांसाठी पिशवीभर जाडं मीठ आणि सुकट. साहेबांनी त्यांना हाताला धरून पडद्यासमोर खुर्चीत बसवलं. गिऱ्हाइकाकडचे दोन इंजिनिअर मागे उभे होते. माझ्या यंत्राची वायर जोडली आणि साहेब म्हणाले, "पदवीधर, बोट लाव."

मी बोट टेकवलं. लाट माथ्यावर होती. मग माथा नखाच्या कडेला आला, मग बोटाबाहेर. पावणेदोन मिनिटांत एक अख्खी लाट बोटाखालून निघून गेली आणि दुसरी आली. मागच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काका, दिसतंय काय?" साहेबांनी विचारलं.

बाबा खूश झाले होते. "व्हय साहेब. चालतंय की. कसं झोकात चालतंय पोराचं."

"चालतंय तेच चुकलंय काका. ते थांबायला पायजे व्हतं."

बाबा हसत होते ते तसेच राहिले. तोंड मिटायचं त्यांना सुचलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे न पाहता मिठाची पिशवी टेबलाखाली सरकवली आणि विचारलं, "मग आता काढतील काय त्याला?"

"उद्या याच वेळेला बघू," साहेब म्हणाले. "तवर बोट तिथंच राहू दे रं."

बाबांना एसटीवर पोचवायलाही मला जाता आलं नाही.

काचेवर बोट ठेवूनच मला उत्तर सापडलं. सहा दशांश म्हणजे पाचात तीन. शेवटी एकोणतीसच ठेवायचे आणि पाच ठोक्यांपैकी तीन ठोक्यांना आकडा एकानं वाढवायचा. बेरीज पूर्ण होते, काहीच उरत नाही. संध्याकाळी साहेबांनी बोट काढू दिलं आणि रात्रीतून मी तो बदल यंत्रात केला. दुसऱ्या दिवशी लाट बोटाखाली अशी बसली की इंजिनिअर कंटाळून चहाला निघून गेले. साहेबांनी माझ्या कायम नेमणुकीच्या कागदावर सही केली आणि म्हणाले, "कागदावरची चूक मला पहिल्याच दिवशी दिसली व्हती."

बाबा नंतर बारा वर्षं जगले. माझ्या कामाबद्दल त्यांनी पुन्हा एक शब्द विचारला नाही. शेजारी कुणी विचारलं की "तो कंपनीत हाय" म्हणून विषय बदलत.

साहेब निवृत्त झाले तेव्हा प्रयोगशाळेच्या चाव्या त्यांनी माझ्या हाती दिल्या. त्या दिवशी मी विचारलंच, "कागद हातात असताना सांगितलं का नाही? बाबांना कशाला बोलावलंत?"

"सांगितलं असतं तर दुरुस्त केलं असतंस. विसरलाबी असतास. बापूस बसला नसता तिथं, तर पाचात तीन सुचलं असतं तुला?"

मला होय म्हणायचं होतं. तोंडातून "न्हाय" निघालं. साहेब गेले त्याला आता दोन वर्षं झाली. मी जे काही आहे ते त्यांच्यामुळे, हे मी त्यांच्या शोकसभेत मनापासून बोललो. बाबांबद्दल बोललो नाही.

गेल्या आठवड्यात पेणच्या एका मुलीनं तिचा पहिला हिशेब माझ्यासमोर ठेवला. घरातली पहिलीच पदवीधर. तिसऱ्या ओळीत तिनं उरलेलं सोडून दिलं होतं. मी कागद पूर्ण वाचला, पालथा ठेवला. आणि माझाच आवाज मला ऐकू आला, "तुझी आई कधी आली आहे का इकडं?"

"नाही सर," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "बोलावू?"

तो कागद अजून माझ्या टेबलावर पालथाच आहे.