दत्तूअण्णांचा दुसरा भाग

समईभोवती काजळी धरते, तसे भजनी मंडळाभोवती किस्से धरतात. पुसायला जावे, तर आपलाच हात काळा होतो! मस्तगडच्या आमच्या मंडळाचा अध्यक्ष मी. तेव्हा हात माझाच.

*

दत्तूअण्णा चाळीस वर्षे आमची पेटी वाजवत. पत्रिकेवर गायकांची नावे ठसठशीत, आणि तळाशी ‘व साथसंगत’. एकदा अण्णांनी चष्मा सावरून मला विचारले, “महाराज, ह्यातला कोन्ता शब्द माझा?”

आम्ही पोट धरून हसलो. पुढच्या वर्षीही पत्रिका तशीच छापली!

*

त्यांची लेक मुक्ता पुण्याला चेलो शिकली. ते व्हायोलिनच्या घाटाचे भलेथोरले वाद्य देवळात आले, तेव्हा मृदंगवाले नामदेवराव म्हणाले, “पोरी, हे वाजवायचं का ह्याच्यात बसायचं?”

तिने चेलो आणि पियानोचा एक सोनाटा आणला होता, म्हणजे तीन भागांची रचना, दोनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातली. अण्णा पासष्टीत कीबोर्डपुढे बसून तिच्या स्वरलिपीचे कागद वाचायला शिकले. बोटे थरथरू लागली होती, म्हणून घाई.

“ह्या वयात हे काय आरंभलंत?” मी म्हणालो.

“जन्मभर गाणाऱ्याच्या मागं चाललो, महाराज. ह्यात वाजवणाऱ्याला बराबरीचं बोलणं हाय. दुसऱ्या भागात तर आधी मी एकटाच बोलतो, पोरगी गप बसून ऐकती! एकदा आपल्या मंडळीपुढं वाजवू द्या. बस्स.”

*

परवानगीला वर्ष लागले. “ह्यात देवाचं नाव कुठं आहे?” हा प्रश्न माझाच.

अण्णा म्हणाले, “माझ्या पेटीवर तरी कुठं लिहिलंय?”

अखेर एकादशीला, हरिपाठानंतरची वेळ दिली.

*

वाद्ये थांबली की अध्यक्षाने जयघोष द्यायचा, ही आमची रीत. पहिला भाग संपला. अण्णांनी हात उचलले, पान उलटले. सभामंडपात शांतता पसरली. माझे डोळे मिटलेले. मी आरोळी दिली, “बोला, पुंडलिक वरदा हरी विठ्ठल!”

टाळ उठले, मृदंगावर थाप पडली, आरती सुरू!

अण्णांनी कागद मिटले, पेटी पुढे ओढली आणि आरतीला साथ केली.

दुसऱ्या दिवशी मी क्षमा मागायला गेलो. “जाऊ द्या, महाराज. पुढच्या एकादशीला वाजवू.”

पुढच्या एकादशीला बोटे वळेनाशी झाली होती. त्यानंतरची त्यांना लाभलीच नाही.

*

शोकसभा त्याच सभामंडपात झाली. मुक्ता चेलो घेऊन बसली. शेजारी कीबोर्ड, पुढे रिकामी खुर्ची, दुसऱ्या भागाचे पान उघडे. गज तिने तारांवर धरला, पण ओढला नाही. शांतता लांबत गेली. मंडळी चुळबुळू लागली.

नामदेवरावांनी मला कोपराने डिवचले, “महाराज, जयघोष द्या ना!”

मुक्ताने मान वर केली नाही. “थांबा, काका. अण्णांचं चालू हाय.”