धाकटीची ओळ

थोरली चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. फिरत्या चाकावर काच टेकवायची, चौकटीत बसते का बघायची, पुन्हा टेकवायची. कविताही ती तशीच करायची. एखादी ओळ दिवसभर मनात घोळवायची, जड वाटलेला शब्द काढून टाकायची. हात चांगला बसला होता. पण घासायला मुळात काच लागते, आणि तिथेच तिचं घोडं अडायचं. तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. लग्न जमलं नाही, त्यामुळे मोडायचाही प्रश्न आला नाही.

घडायचं ते सगळं धाकटीच्या वाट्याला. धाकटी केस कापायचं दुकान चालवायची. तिने पळून जाऊन लग्न केलं, नवऱ्याशी कडाकडा भांडली, पुन्हा गोड झाली. बहीण रडत आली की थोरलीचा जीव कळवळायचा, पण त्याच वेळी पोटात दुखायचंही. हिच्याकडे रडायला कारण तरी आहे!

एके दिवशी तो नवरा कायमचा निघून गेला आणि धाकटी बोचकी घेऊन थोरलीच्या दोन खोल्यांत राहायला आली. एका सकाळी चहा गाळता गाळता म्हणाली, "ताई, गंमत सांगू? तो होता तेव्हा पलंग पुरायचा नाही. आता अख्खी गादी मोकळी असते, तरी मी आपली कडेलाच झोपते."

थोरली नुसतं "हं" म्हणाली. पण तिचे कान टवकारले होते.

महिन्याभरात त्या मोकळ्या गादीची कविता तयार झाली. वाचनालयाच्या सभागृहात, कवितांच्या बैठकीत तिने ती वाचली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षीणबाईंनी डोळे पुसले. "हे असं सुचतं कुठून हो तुम्हाला?"

"काय सांगू? आतून येतं," थोरली लाजून म्हणाली.

मागच्या रांगेत धाकटी बसली होती. बहिणीचं कौतुक बघावं म्हणून दुकान लवकर आवरून, न सांगता आली होती.

घरी येऊन तिने चपला भिरकावल्या. "आतून म्हणजे कुठून गं? स्वयंपाकघरातून?"

"शब्द तुझे असतील, पण कविता मी केली."

"काय केलंस तू?"

"तू बरंच काही बोललीस. मी नको ते काढून टाकलं."

"त्या नको त्यातच माझा नवरा होता!"

त्यानंतर धाकटीने बोलणंच टाकलं. "दार लाव", "दूध संपलंय", बस. पण खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईशी मात्र तिच्या तासन्‌तास गप्पा रंगायच्या. थोरली जिन्यात थबकून ऐकायची. मशीनच्या खडखडाटातून अर्धं वाक्य कानावर यायचं, मग दोघी खो खो हसायच्या. थोरलीचा नुसता जळफळाट व्हायचा. असली वाक्यं त्या बाईच्या कानात! ती तर काजं करता करता विसरूनही जाणार. आणि मग एका संध्याकाळी, तिथेच कठड्याला टेकून उभी असताना, तिच्या लक्षात आलं, की आज आपण एकही ओळ टिपलेली नाही. आपल्याला फक्त आत जाऊन बसायचंय.

त्या जिन्यात सुचलेली कविता तिने कितीतरी दिवस घासली. मग सरळ धाकटीच्या दुकानात गेली आणि रांगेत बसली. नंबर आल्यावर खुर्चीत जाऊन बसली. गिऱ्हाईक म्हटल्यावर धाकटी हाकलणार कशी?

"किती कापू?" धाकटीने आरशात न बघता विचारलं.

"कितीही काप. आधी ऐक."

थोरलीने कविता म्हणून दाखवली. तुझा नवरा गेला तेव्हा मला तुझा हेवा वाटला, कारण निघून जायला तरी तुझ्याकडे कोणी होतं, असं काहीसं त्या कवितेत होतं. उचललेली कात्री हवेतच राहिली.

"म्हणजे मी रडत होते आणि तू जळत होतीस?"

"हो."

"निर्लज्ज आहेस." धाकटीने तिची मान जरा जोरातच खाली वाकवली आणि कापायला लागली. अर्धे केस कापून झाले. मग म्हणाली, "शेवटच्या दोन ओळी काढ. तिथे तू उगाच चांगली बाई व्हायला बघतेस."

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कारण धाकटीचं बरोबर होतं.

ओळी काढल्या. पुढच्या बैठकीत कविता वाचली, तेव्हा टाळ्या जेमतेम पडल्या. अध्यक्षीणबाई चष्म्याच्या दांडीशी चाळा करत बसल्या. धाकटी आली होती. घरी परतताना ती सोबत चालली.

पुढे धाकटीने दुकानावरचीच खोली घेतली. सुट्टीच्या दिवशी ती थोरलीकडे येते, पाय पसरून बसते आणि बोलत सुटते. मध्येच बोट उगारून म्हणते, "हे घे तुला," किंवा "ए, हे नाही हं." थोरली शब्द पाळते. धाकटी "नाही" म्हणते ते नेमकं सगळ्यात चांगलं असतं. ती गेल्यावर थोरली कपबशा विसळत राहते, आणि तिचा जीव जळत राहतो.